अभ्यास पाठ : “मी चुकले का?”



या अंकात खरं तर उन्हाळी वाळवणाच्या धंद्याचा हिशोब कसा मांडायचा, यावर पाठ द्यायचा ठरला होता. तो पुढच्या अंकात नक्की देते. जानेवारीत एका मावशींनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि तो डोक्यातून जातही नाही. म्हणून आधी हा पाठ. नेहमीप्रमाणे सचिव ताईंनी बैठकीत मोठ्यानं वाचावा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठका घ्या, घाई नको.

26 जानेवारीची ग्रामसभा. गावाचं नाव सांगत नाही, मावशींचंही नाही. त्यांनीच तसं सांगितलंय. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. पुरुष खुर्च्यांवर आणि कट्ट्यावर, आपल्या बायका खाली सतरंजीवर एका कोपऱ्यात. गटाच्या चौदा जणी आल्या होत्या, कारण मी चार दिवस मागे लागून त्यांना आणलं होतं. विषय वाचून झाले, “मंजूर, मंजूर” झालं. अन् मावशी उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “आमच्या वस्तीच्या पाईपलाईनचं काम झालं म्हणून तुम्ही वाचलं. पण शेवटच्या सहा घरांना पाणी नाही. किती पैसे आले अन् किती खर्च झाला, ते जरा वाचून दाखवा.”

पुढून उत्तर आलं, “मावशी, बसा खाली. त्यातलं तुम्हाला काय कळतंय?” सगळे हसले. हसणाऱ्यांत आपल्याही तीन-चार जणी होत्या. मावशी बसल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तर चुलीपुढे बसलेल्या. मालकांना कुणीतरी पारावर ऐकवलं होतं, “बायकोला आवर.” मावशींनी भाकरी थापता थापता विचारलं, “पोरी, मी चुकले का?”

मी “नाही हो मावशी” म्हटलं आणि चहा पिऊन निघाले. पण खरी गोष्ट सांगते. सभेत मी सतरंजीच्या मागच्या बाजूला बसले होते. समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, पंचायतीच्या कायद्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली आहेत. मावशींना हिशोब विचारायचा हक्क आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी गप्प बसले. आपल्या कार्यक्रमाला पंचायतीचा हॉल लागतो, कागदावर सह्या लागतात, उगाच वाकडं कशाला, असं मनात आलं. माझ्यापेक्षा ती चौथी शिकलेली बाई धीट निघाली.

आता ज्या बायकांनी असंच विचारलं होतं आणि ज्यांना असंच “बसा खाली” म्हटलं गेलं होतं, त्यांची गोष्ट सांगते. राजस्थानातली आहे, पण आपल्याला परकी वाटायची नाही. आपल्यातल्या ज्या आजींनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, नालाबांधावर माती वाहिली, त्यांना तर लगेच कळेल.

अजमेर जिल्ह्यात हरमाडा नावाचं गाव आहे. 1981 साली तिथं दुष्काळी कामावर रस्ता बांधायचं काम चाललं होतं. कामावर बहुतेक बायका, त्यातही दलित बायका जास्त. सरकारनं ठरवलेली किमान मजुरी दिवसाला 7 रुपये होती, पण हातात पडायची त्याहून कमी. कारण असं सांगायचे की पूर्ण टोळीचं काम मापलं जातं आणि त्या मापाप्रमाणे पैसे वाटले जातात. म्हणजे तुम्ही दिवसभर राबा, माप कमी भरलं की मजुरी कमी. माप घेणारा त्यांचा, वहीही त्यांची.

त्या टोळ्यांत नौरती बाई नावाची एक मजूर बाई होती. तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मजुरी कमी मिळते, हे चालायचं नाही, असं ती बोलायला लागली आणि बाकीच्या बायकांना गोळा करायला लागली. जवळच तिलोनिया गावात एक संस्था होती. तिच्या मदतीनं हे प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. सरकारचं म्हणणं होतं की दुष्काळी कामांना मजुरीचे कायदे लागू होत नाहीत, तसा राज्याचा वेगळा कायदाच आहे. 1983 साली निकाल लागला. कोर्टानं सांगितलं की दुष्काळी काम म्हणजे सरकार करत असलेला उपकार नव्हे. माणसाकडून घाम गाळून घेतला तर किमान मजुरी द्यावीच लागेल. कमी मजुरीत राबवून घेणं ही वेठबिगारीच, आणि घटनेनं वेठबिगारीला बंदी केली आहे.

नौरती बाई पुढे अक्षरं शिकल्या, नंतर कॉम्प्युटरही शिकल्या, आणि 2010 साली त्याच हरमाडा गावच्या सरपंच झाल्या. पण मला त्यांचा सरपंच होण्याचा दिवस इतका मोठा वाटत नाही. रस्त्याच्या कामावर घमेलं खाली ठेवून त्या पहिल्यांदा बोलल्या असतील, तो दिवस मोठा वाटतो. त्या दिवशी कुणाला काय माहीत होतं पुढं काय होणार ते! हसलेही असतील लोक.

इथं थोडं थांबा आणि गटात एकमेकींना विचारा : मजुरी, रेशन, घरकुल, पगार, यातलं काहीतरी कमी मिळालं आणि आपण गप्प बसलो, असं कधी झालं? का गप्प बसलो? खरं कारण सांगायचं, बैठकीला शोभेल असं नको.

निकाल लागला म्हणून सगळीकडे पूर्ण मजुरी मिळायला लागली, असं काही झालं नाही. 1987 साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह ही मंडळी आज ज्याला राजसमंद जिल्हा म्हणतात त्या भागात, देवडूंगरी नावाच्या छोट्या गावात राहायला आली. अरुणा रॉय आधी मोठ्या सरकारी हुद्द्यावर होत्या, आयएएस. ती नोकरी 1975 मध्ये सोडून त्या गावात काम करायला लागल्या होत्या. देवडूंगरीत ही मंडळी गावकऱ्यांसारखीच मातीच्या घरात राहिली. 1 मे 1990 रोजी तिथल्या मजूर आणि शेतकऱ्यांसोबत त्यांनी ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ उभं केलं.

मजुरी पुरी द्या म्हणून ते उपोषणाला बसले, मोर्चे काढले. दर वेळी एकच उत्तर मिळायचं : तुम्ही काम कमी केलं, आमच्या वहीत तसं लिहिलंय. बरं, मग वही दाखवा. तर म्हणे, वही दाखवता येत नाही, ते गुप्त आहे! देशाच्या संरक्षणासाठी इंग्रजांनी केलेला गुपितांचा कायदा, आणि त्याच्या आडोशाला लपलंय काय, तर आमच्या गावच्या मातीकामाचं हजेरीपत्रक. तेव्हा त्या लोकांच्या लक्षात आलं की भांडण नुसतं मजुरीचं नाहीच, वहीचं आहे. वही त्यांच्या हातात आहे तोवर आपण खोटे ठरणार.

सखींनो, हे तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र काय? लेखे अद्ययावत ठेवणे. गटाची वही अध्यक्षांच्या कपाटात कुलपात राहिली आणि सभासदांना दाखवलीच नाही, तर तुम्ही किती महिने ऐकून घ्याल? मला आठवतंय, एका गटात पाच रुपयांचा फरक निघाला म्हणून आपण दिवेलागणीपर्यंत बसलो होतो. शेवटी सापडला. एकीचा दंड लिहायचा राहिला होता. त्या दिवशी मी वैतागले होते, आता कौतुक वाटतं. पाच रुपयांसाठी उठू न देणाऱ्या त्याच बायका पंचायतीचे लाखो रुपये “मंजूर” म्हणून टाळ्या वाजवून सोडून देतात.

2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात पहिली जनसुनावणी झाली. म्हणजे काय केलं? पंचायतीच्या कामांचे कागद मिळवले आणि भर सभेत लोकांसमोर मोठ्यानं वाचले. अमक्या कामावर अमकी व्यक्ती इतके दिवस हजर, इतकी मजुरी दिली. ज्याचं नाव वाचलं तो उभा राहून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कुणी म्हणायचं, हा माणूस तर वारलाय. कागदावर पूर्ण झालेल्या इमारतीला जागेवर छप्पर नसायचं. असे कागद पुढे गावोगाव वाचले गेले. लोकांना वाचता येत नव्हतं, पण वाचलेलं ऐकून खरं-खोटं सांगता येत होतंच ना! काही गावांत सरपंचांनी खाल्लेले पैसे परतही केले.

पण कागद कुणी भला अधिकारी भेटला तरच मिळायचे. ते हक्कानं मिळावेत म्हणून 6 एप्रिल 1996 पासून ब्यावर शहरात धरणं धरलं गेलं. चाळीस दिवस चाललं. एप्रिल-मेचं राजस्थानचं ऊन! गावांतून धान्य आलं, बाजारातल्या लोकांनी पैसे दिले, भाजीवाल्यांनी भाजी दिली. “हमारा पैसा, हमारा हिसाब” ही घोषणा तिथलीच.

त्या धरण्यात सुशीला नावाची एक बाई होती, शाळा थोडीच शिकलेली. दिल्लीत पत्रकारांनी विचारलं, तुम्हाला माहितीचा हक्क कशाला हवा? त्यावर ती जे बोलली ते आजही लोक सांगतात. थोडक्यात असं : मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवलं तर आल्यावर मी हिशोब मागते, सरकार तर आमच्या नावावर करोडो रुपये खर्च करतं, मग मी हिशोब मागायचा नाही का?

राजस्थानात 2000 साली माहितीचा कायदा झाला. आपल्या महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांनी त्यासाठी आंदोलनं केली आणि 2002 चा राज्याचा कायदा आला. मग पूर्ण देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम 2005. तो 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. आपल्या शेजारच्या शहरातल्या वकिलालाही आज हा कायदा वापरायला मिळतो, तो हजेरीपत्रक दाखवा म्हणणाऱ्या मजूर बायकांमुळे. हे वकिलाला माहीत असेलच असं नाही.

आता परत मावशींकडे येते. फेब्रुवारीच्या बैठकीत मी वही काढली आणि आधी माफी मागितली की त्या दिवशी मी गप्प राहिले. मग आम्ही नीट बसून पाहिलं की मावशींचं काय बरोबर होतं आणि काय राहिलं होतं.

बरोबर काय, तर सगळंच. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार सभासद असतो आणि त्याला हिशोब विचारता येतो. राहिलं ते असं. दर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यात तसं आहे. आमच्या त्या गावात ती कागदावर झाली होती. रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या होत्या, अन् आपल्याच बायकांनी दारात उभं राहून केल्या होत्या. पाईपलाईनचा विषय महिला सभेत बोलून, ठराव लिहून पुढे गेला असता, तर 26 तारखेला मावशी एकट्या उभ्या राहिल्या नसत्या. “बसा खाली” म्हणणं चौदा जणींच्या ठरावाला जरा जड जातं. म्हणून सभा झाल्याशिवाय रजिस्टरवर सही करायची नाही, एवढं तरी आजच्या बैठकीत ठरवा. आणि ठराव लिहिला गेला का, ते सभा उठायच्या आत वाचून घ्या. बोललेलं हवेत जातं.

ग्रामसभेत उत्तर नाही मिळालं तर माहितीचा अर्ज. मावशींचा अर्ज आम्ही असा केला. साध्या कागदावर, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी लागत नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडायची. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत लिहायचं असा नियम आहे, त्यामुळे रामायण लिहू नका. “पाणी का आलं नाही? पैसे कुणी खाल्ले?” असं लिहायचं नाही, त्याचं उत्तर कुणी देत नाही. कागद मागायचे : त्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, दिलेली बिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला. अमक्या वर्षातलं, अमक्या वस्तीचं काम, एवढं स्पष्ट लिहायचं. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. कुणी विचारलंच तर “कायद्यात कारण लागत नाही” एवढंच म्हणा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे त्या अधिकाऱ्याचं काम आहे. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच. बँकेत पैसे भरल्यावर स्लिप घेतो ना, तसं.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प.

भीतीचं बोलायचं राहिलं, आणि ते न बोलता पुढं जाणं बरोबर नाही. या कायद्यानं माहिती मागणाऱ्यांवर आपल्या देशात हल्ले झाले आहेत. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथं जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा 2010 च्या जानेवारीत खून झाला. आपला विषय सहा घरांच्या पाण्याचा आहे, पण छोट्या गावात छोट्या गोष्टीचाही राग धरतात. मावशींच्या बाबतीत काय झालं? किराणा दुकानात उधारी बंद झाली. गटातली एक बाई दोन बैठका त्यांच्याशेजारी बसली नाही, तिचा दीर पंचायतीत आहे. त्या बाईला मी दोष देत नाही, तिला त्याच घरात नांदायचंय. म्हणून आम्ही असं केलं की मावशींच्या अर्जासारखाच अर्ज आणखी चौघींनी आपापल्या नावानं दिला. पाच अर्ज, पाच पोच. एकीला दटावता येतं, पाच घरांत जाऊन दटावणं अवघड पडतं. पन्नास रुपये खर्च आला, तो गटाच्या दंडाच्या पैशातून केला आणि वहीत लिहिला.

आणखी एक. माहिती मागून नंतर “मिटवून घेऊ, इतके द्या” म्हणणारेही काही असतात. त्यांच्यामुळे सरळ माणसांचे अर्जही बदनाम होतात. गटाच्या नावाला असा डाग लागता कामा नये. आलेला कागद गटात वाचायचा, खाजगीत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. तीन पानं. अंदाजपत्रक आलं, बिल आलं, मोजमाप पुस्तिका नाही. अंदाजपत्रकात पाईपची लांबी 900 मीटर. मावशी म्हणाल्या, “मोजू की मग.” एका गवंड्याकडून टेप आणला आणि रविवारी सकाळी सात जणी टाकीपासून निघाल्या. एक वहीत लिहिणार, दोघी टेप धरणार, बाकीच्या पोरांना हाकलणार. शेवटच्या नळापर्यंत 610 मीटर भरले. लगेच सगळ्या म्हणाल्या, बघा, खाल्ले! मी म्हटलं, थांबा. एखादा फाटा जमिनीखालून दुसऱ्या गल्लीत गेला असेल. मोजमाप पुस्तिका पाहिल्याशिवाय आपण कुणाला चोर म्हणायचं नाही. चुकीचा आरोप केला तर पुढच्या वेळी खरं बोललेलंही कुणी ऐकणार नाही. मावशींना हे फारसं पटलं नाही, पण त्यांनी वहीत एवढंच लिहायला लावलं : “आम्ही मोजले, 610.” खाली सात सह्या, त्यात दोन अंगठे.

त्या सात जणींत दीर पंचायतीत असलेली ती बाईही होती. टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

पहिलं अपील दाखल केलंय, मोजमाप पुस्तिकेसाठी. सुनावणीचं पत्र आलं, तारीख पुढच्या मंगळवारी आहे, सकाळी अकरा वाजता, तालुक्याला. पाचही जणी जाणार आहेत. नऊची एसटी पकडायची, भाकरी बांधून घ्यायच्या, वही विसरायची नाही. या वेळी त्यांच्यासोबत मी पुढच्या बाकावर बसणार आहे. आणि 1 मेच्या ग्रामसभेआधी त्या गावात महिला सभा खरोखरची व्हायची आहे. तिची तारीख आणि वेळ फलकावर लागली की नाही, ते बघायचं काम मावशींच्या नातीनं घेतलंय. ती रोज शाळेतून येताना पंचायतीचा फलक वाचून येते.